आल्बिनाच्या घरचं पाणी

आल्बिनाला मी वेडी म्हणते, आणि तोंडावर म्हणते. वसई पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, एका गाळ्यात आमची तपासणीची लॅब आहे. तिथलं गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचं मशीन ती सांभाळते, मी शेजारच्या टेबलावर नमुन्याच्या बाटल्या लावते. मशीनला ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. सकाळी आली की मशीन नीट चालतंय ना ते बघायला आधी मोजून तयार केलेलं, माहितीतलं औषध सुईने त्यात टोचायचं. कागदावर त्याचा उंचवटा हवा तेवढा आला, तरच गिऱ्हाइकाचा नमुना. शेठ डोकं खातो, पण बाई ढिम्म हलत नाही.

आणि असल्या बाईने हा नियम मोडला तो नेमका घरच्या पाण्यासाठी.

कळंबच्या रस्त्याला तिच्या माहेरची वाडी आहे. भाऊ सिप्रियन मोगरा आणि केळी करतो. विहीर एकच, पण सगळी आळी तिचंच पाणी पिते. नळाचं पाणी म्हणे अळणी लागतं. यंदा मे महिन्यात विहिरीतले मासे उलटे होऊन तरंगले. सिप्रियनचं लगेच ठरलं, पूर्वेच्या कारखान्यांनी आपली विहीर नासवली. त्याने पाण्याची बाटली पाठवली आणि फोनवर मागे लागला, "रविवारी चर्चमध्ये मिस्साला लोक विचारतील, त्याच्या आधी सांग."

शनिवारी निघता निघता तिने त्या पाण्याचा अर्क काढून टोचला. माहितीतलं औषध टोचलंच नाही. घरचंच तर आहे, म्हणाली. कागदावर सरळ रेघ आली. तिला इतकं हायसं वाटलं की शंकाही आली नाही. 'काही आढळले नाही' असा रिपोर्ट तिने दिला. सिप्रियनने तो प्लास्टिकमध्ये घालून विहिरीजवळच्या क्रुसाला बांधला.

सोमवारी माहितीतल्या औषधाचा उंचवटाही नावापुरताच आला. आल्बिना पांढरीफटक पडली.

त्या मशीनमध्ये नमुन्याची आधी वाफ होते. नमुना दाट असला तर वाफेचा थोडा भाग आत घ्यायचा, बाकीची बाजूच्या नळीने बाहेर सोडायची. ते स्प्लिट. पाण्यातलं औषध असतं कणभर, म्हणून तेव्हा ती बाजूची नळी सुरुवातीला बंद ठेवायची, सगळी वाफ आत जाऊ द्यायची. ते स्प्लिटलेस. आल्बिनाने सुई टोचायची रबरी चकती बदलली, आतली काचेची नळी बदलली. काडीचा फरक पडला नाही. मग तिने बाजूच्या नळीच्या तोंडाला साबणाच्या पाण्याची काचनळी जोडली. वाट बंद असेल तर त्यातला फुगा जागचा हलायला नको. फुगा सरसर वर चढला. त्या नळीचा व्हॉल्व्ह बंदच होत नव्हता. भावाच्या विहिरीत जे काही होतं, ते शनिवारी जवळजवळ सगळं बाहेर हवेत गेलं होतं.

"म्हणजे मी काही तपासलंच नाही गं," ती म्हणाली. मला तिचा राग आला आणि दयाही आली.

नवा व्हॉल्व्ह बसवला. फुगा थांबला. माहितीतल्या औषधाचा उंचवटा पुरेपूर आला. मग तिने बाटलीत उरलेलं विहिरीचं पाणी घेतलं. या वेळी उंचवटा आला, आणि चांगला मोठा आला. तो कारखान्याचा नव्हता. ते फवारणीचं औषध होतं, कधीच बंदी आलेलं. तिच्या बाबांनी हयात असताना माळ्यावर साठवून ठेवलेलं, सिप्रियन अजून पुरवून पुरवून वापरतो ते. फवारून झालं की बाबा पंप विहिरीच्या काठावर धुवायचे, पाणी हाताशी म्हणून. धुतलेलं पाणी फरशीवरून पुन्हा आत. सिप्रियनही तिथेच धुतो. अख्खी आळी तिथेच धुते.

संध्याकाळी मी तिच्याबरोबर वाडीत गेले. तिने सगळं सांगितलं, मशीन बिघडलं होतं तेही. नको तिथे खरं बोलायची खोड.

सिप्रियन शांतपणे म्हणाला, "तेव्हा मशीन बिघडलेलं होतं म्हणतेस. आता बिघडलेलं नाही कशावरून?"

"मी दुरुस्त केलं ना, भाऊ."

"बाबा जन्मभर त्याच काठावर पंप धुवत आले. तू त्यांना विष कालवणारे ठरवायला आलीस?"

तिने व्हॉल्व्ह समजावला, फुगा समजावला. मीही मध्ये पडले, तर तो मला म्हणाला, तुम्ही घरच्या गोष्टीत पडू नका. तिने क्रुसावरचा रिपोर्ट काढायला हात घातला, तेव्हा त्याने तिचं मनगट धरलं. आळीतले चार लोक बघत होते. एकानेही तिची बाजू घेतली नाही.

आई आतून पेला घेऊन आली. "भांडू नका. पाणी पी बाय, दमून आलीस. तूच तर चांगलं म्हणून लिहून दिलंयस."

आल्बिनाने पेला घेतला, तोंडाशी नेला आणि खाली ठेवला. आई तिच्याकडे बघत राहिली. मग तिने तो पेला उचलला आणि लेकीसमोर उभ्याउभ्या सगळा पिऊन टाकला.