सालीसकट काजू

न आलेल्या ऑर्डरसाठी तयार होऊन बसणारा माझ्या मामासारखा माणूस अख्ख्या सिंधुदुर्गात सापडायचा नाही. वैभववाडीजवळ त्याचा काजूचा छोटा कारखाना. कोल्हापूरचे मिठाईवाले एका दिवाळीला सगळा माल उचलत, दुसऱ्या दिवाळीला फोनही उचलत नसत. इतर कारखानदार नशिबाला बोल लावत. मामा मात्र बिया फोडून, गर वाळवून, सालीसकट डब्यांत भरून ठेवी. साल असली की काजू टिकतो. ऑर्डर आली की सोलायचा, अख्खा हवा तर अख्खा, तुकडा हवा तर तुकडा.

मंदीच्या दिवसांत मामाची शाळा भरे. फोडणाऱ्या बायकांनी सोलायला शिकायचं, सोलणाऱ्यांनी प्रतवारी करायला. एकदा त्याने टेम्पोवाल्यालाच सोलायला बसवलं आणि सोलणाऱ्या सविताच्या हाती टेम्पो दिला. तिने तो पहिल्याच दिवशी सरपंचांच्या गवताच्या उडवीत घातला. मामा शांतपणे म्हणाला, "चलवूक शिकली. आता थांबवूक शिकयतलंय."

माझी सगळी सुट्टी तिथेच जाई. मूलबाळ नसलेल्या मामाने मला सगळी कामं शिकवली. फक्त कच्च्या बिया पारखणं आणि व्यापाऱ्यांशी भाव ठरवणं, ही स्वतःची दोन कामं त्याने कुणालाच दिली नव्हती. कारखाना मी चालवावा, म्हणून ती माझ्यासाठी राखलेली. "तू येशीत तेवा शिकयतलंय," म्हणे. कॉलेज संपलं की येते, असं मीही सांगून ठेवलेलं. मग पुण्यात नोकरी लागली आणि पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत बारा वर्षं गेली.

यंदा मे महिन्यात न कळवता गेले. दारात बियांची पोती उतरत होती. मामा बाजूला खुर्चीत बसलेला, आणि सविता मूठभर बिया चाचपून, एक फोडून, व्यापाऱ्याला भाव सांगत होती. चुकली की मामा हळूच सुधारत होता. बरं केलंस मामा, असं मी म्हटलं खरं. मला ते मुळीच बरं वाटलं नव्हतं.

मला बघून तो मनापासून हसला. मी सवयीने बायकांच्या ओळीत सोलायला बसले, तर त्याने मायेने माझ्या हातातली सुरी काढून घेतली.

"रवांदे गो, तुझे हात खराब होतले."

मग ओळीतल्या नव्या बायकांना सांगितलं, ही माझी भाची, पुण्याहून आली आहे, हिला पाणी द्या. त्याने माझी वाट पाहणं थांबवलं होतं, तेही कसली तक्रार न करता. एकदा तक्रार केली असती, तर त्या दिवशी मी राहिले असते.