खाली कोणी आहे का?

नोकरीतल्या बऱ्याच गुन्ह्यांचे तपशील आता पुसट झाले आहेत. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतली ती घटना मात्र अजून जशीच्या तशी आठवते.

ऐंशीच्या दशकात मी तिथे फौजदार होतो. एका कारखान्यात वाफेची लाइन दुरुस्त करताना फिटर भाजला आणि दोन दिवसांनी रुग्णालयात वारला. पन्नाशीला टेकलेला, किनाऱ्यावरच्या दातिवरे गावचा माणूस. आम्ही पंचनामा केला, आकस्मिक मृत्यूची नोंद घेतली.

चौथ्या दिवशी दुपारी तिथलाच एक कामगार ठाण्यात आला. आपले नाव लिहू नका म्हणाला.

"साहेब, बॉयलरवाल्याने मुद्दाम वाफ सोडली. तीन महिने दोघांचं बोलणं बंद होतं."

हा बॉयलरवाला लातूरकडचा. वसाहतीजवळच्या सरावली गावात खोली घेऊन एकटा राहायचा, बायको-मुले गावी. झडतीत एक ताट, एक पेला आणि एक खाट एवढेच निघाले. माझेही कुटुंब तेव्हा साताऱ्याला होते, पण क्वार्टरमध्ये निदान दोन ताटे होती.

चौकशीत त्याने काही नाकारले नाही.

"वॉल्व्ह मीच उघडला."

"तो खाली आहे हे माहीत नव्हतं?"

"वरून विचारलं होतं, खाली कोणी आहे का. जिन्याच्या पायथ्याशी झाडणाऱ्या बाईनं नाही म्हणून सांगितलं."

"अकरा पायऱ्या तर आहेत. उतरून का नाही पाहिलंस?"



"त्याच्याशी बोलत नव्हतो. येतोय म्हणायला मी आमच्याकडचं 'येऊलालो' म्हटलं की तो नक्कल करायचा. सगळे हसायचे. मग मी बोलणंच सोडलं. डबाही एकटाच खायचो."

खोटे बोलणारा माणूस सहसा मोठे कारण सांगतो. इतके लहान कारण कोणी रचत नाही. तरी बाईचा जबाब हवा होता. ती अपघातानंतर कामावर आलीच नव्हती. दोन दिवस शोधून हवालदारांनी तिला डोंगराकडच्या पाड्यावर गाठले. नवऱ्याला सोबत घेऊन ती ठाण्यात आली.

"त्याने वरून विचारला, खाली कोण हाय का. मी बोलले, हाय. मंग वाफ आली."

दोघांपैकी एक खोटे बोलत आहे, असे मी धरून चाललो होतो. शेवटी पंचांसह कारखान्यात गेलो. वाफेची ती लाइन बंद ठेवून बाकी सगळे पंप चालू करायला लावले. बाईला खाली तिच्या जागी उभे केले आणि मी वर वॉल्व्हपाशी उभा राहून तोच प्रश्न ओरडून विचारला. तिने उत्तर दिले. मला ऐकू आले, "नाय."

तीनदा विचारले. दोनदा "नाय" ऐकू आले, एकदा काहीच नाही. ती तिन्ही वेळा "हाय" म्हणाली होती.

वॉल्व्हला कुलूप नव्हते, काम चालू असल्याची पाटी नव्हती, शिफ्टच्या वहीत दुरुस्तीची नोंद नव्हती. सुपरवायझर म्हणाला, "आम्ही तोंडीच सांगतो, साहेब. आजवर कधी काही झालं नाही."

खुनाचा संशय मिटला. सुपरवायझर आणि बॉयलरवाला या दोघांवर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. पुढे न्यायालयाने बॉयलरवाल्याला सोडले.

तपासाच्या अखेरीस मी दातिवऱ्याला फिटरच्या बायकोचा जबाब घ्यायला गेलो होतो. भांडणाबद्दल विचारले तेव्हा ती म्हणाली, "तो लातूरवाला आता बोलत नाय, असा सांगत व्हते. मी त्याला उगाच हसलो, असा बोलत व्हते. सणाला त्याला जेवायला बोलवायचा व्हता."

हे जबाबात लिहिण्यासारखे नव्हते. मी ते बॉयलरवाल्याला सांगितले. तो म्हणाला, "मला हे कोणी सांगितलंच नाही."

त्यानंतर मी जिथे जिथे बदलून गेलो, तिथे हुकूम घेणाऱ्या शिपायाकडून तो पुन्हा म्हणवून घेत असे. साहेबांना कमी ऐकू येते, असे लोक म्हणत. म्हणू दिले. मात्र दोन माणसांनी आपसात बोलणेच सोडले तर काय करायचे, याचा नियम मला कुठल्या पुस्तकात सापडला नाही.

बायको गेल्यापासून माझ्याही घरात दिवसचे दिवस कोणी बोलत नाही. कुंपणापलीकडून शेजारी काही म्हणाले आणि नीट ऐकू आले नाही, तर मी चपला घालतो आणि त्यांच्या दारापर्यंत जाऊन विचारतो.