घरावरची मडकी

आमचं घर टिनाचं होतं आणि शेजाऱ्यांचा गोठा पऱ्हाट्यांचा. दोघांत सुखी कोण, हे उन्हाळ्यात कळायचं. चैत्र लागला की दुपारची भांडी घासून माय मला घेऊन त्या गोठ्यात जायची. वर वाळलेल्या कपाशीच्या झाडांचं हातभर जाड छप्पर, खाली बैलजोडी, एक म्हैस, आणि म्हशीच्या पलीकडे आम्ही मायलेकी. घरात थांबलं तर मायचं डोकं धरायचं, ओकाऱ्या व्हायच्या. म्हैस आम्हाला कधी काही बोलली नाही. शेजारीणही वाईट बोलली नाही, फक्त ऊन उतरल्यावर दारात उभी राहून हसत विचारायची, "झाली का वो झोप, बाई?" मायला ते हसू उन्हापेक्षा जास्त लागायचं.

गंमत अशी की त्याआधी आमचं घर धाब्याचं होतं, मातीच्या छताचं. ते थंड असायचं. मग प्रगती झाली. धाबं म्हणजे गरिबी आणि टिन म्हणजे सुधारणा, असं मोठेबाबांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावानं ठरवलं, आणि दोघा भावांनी माती उतरवून टिनं चढवली. त्या सुधारणेखाली दुपारी बसता येत नव्हतं, एवढीच काय ती अडचण. कुलर आणून पाहिला. आमच्या भागातलं पाणी खारं. थोड्याच दिवसांत त्याच्या गवताच्या ताट्यांवर मिठाचा पापुद्रा बसला आणि वारा यायचा बंद झाला. तसाही दुपारी वीज असली तर तो चालणार ना.

पुढे मी शिकले. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही. नोकरी लागली आणि घर बांधायचं ठरलं, स्लॅबचं. गावात स्लॅबची नवी घरं खूप झाली आहेत. समोरच्या भिंतीला चकचकीत फरशी, दारावर देवाच्या चित्राची टाइल, गच्चीला कमळाच्या आकाराचा कठडा. मे महिन्यात ही सगळी मंडळी खाटा टाकून रस्त्यावर झोपतात, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर घरात आग ओकतो. घर पाहुण्यांना दाखवायला आणि रस्ता झोपायला, अशी सोयीची वाटणी आहे.

मी मिस्त्रीला विचारलं, स्लॅबवर उन्हासाठी काय टाकणार? त्याला प्रश्नच समजला नाही.

"उन्हासाठी काय टाकतात, ताई? ऊन तं फुकट येते."

"ते खाली येऊ नये म्हणून विचारते."

मोठेबाबा तिथेच वाळूच्या ढिगावर बसले होते. "पोरगी शिकली ना, आता घराले गोधडी पांघरून राह्यली," ते म्हणाले. मिस्त्री हसला, बाबाही हसले. गावात कोणी मोठा बोलला की हसायचं असतं.

मी एकटीच शेगावला दुकानं पाहायला गेले. पहिल्या दुकानदारानं पीओपीच्या छताचे फोटो दाखवले. निळे दिवे, गुलाबी दिवे, मधे मोराचं पीस. मी विचारलं, यानं खोली थंड राहते का? तो म्हणाला, "मॅडम, पाहूनच थंड वाटते." दुसऱ्यानं थर्माकोलची जाड पाटी काढली. उंदरांचं काय, म्हटल्यावर त्यानं मांजर पाळायचा सल्ला दिला, तोही फुकट. तिसऱ्याकडे काचेच्या तंतूंची पिवळी गादी होती. ती मी हातात घेतली आणि बसनं घरी पोहोचेपर्यंत मनगट खाजवत राहिले. चौथ्याचा पांढरा रंग तर ऊन आल्या पावली परत पाठवत होता. धुळीनं तो मातकट झाल्यावर ऊन परत जाईल का, असं विचारलं, तेव्हा त्यानं मला कुठं नोकरी करता म्हणून विचारलं.

मला आमच्या कॉलेजचं जुनं वाचनालय आठवत होतं. परीक्षेच्या दिवसांत, पंखा बंद असतानाही, तिथे दुपारभर बसता यायचं. त्याच्या गच्चीची दुरुस्ती निघाली तेव्हा मी वर जाऊन पाहिलं होतं. स्लॅबवर मातीची मडकी उपडी, एकाला एक चिकटून मांडलेली, मधल्या फटींत चुना आणि विटांचा चुरा, वरून पांढऱ्या फरशीचे तुकडे. मडक्यांत कोंडलेली हवा उष्णता खाली येऊ देत नाही. यात दिवे नव्हते, मोराचं पीस नव्हतं, पण थंड होतं. मी तेच ठरवलं. वजनाचा विचार करून स्लॅब मजबूत करून घेतला, गळू नये म्हणून त्यावर आधी पाणी न झिरपणारा थर दिला, आणि कुंभाराला मडकी सांगितली.

मडकी आली आणि गल्ली गोळा झाली. अंगणभर लाल मडकी पाहून एका म्हातारीनं थेट पदर डोळ्याला लावला आणि विचारलं, "कोण गेलं वो?"

मग मोठेबाबा आले. मडकं कशासाठी लागतं हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. पोरगा खांद्यावर घेऊन चितेभोवती फिरतो, आणि शेवटी ते फुटतं.

"एक मडकं घरातून निघालं तं माणूस जाते," मोठेबाबा म्हणाले. "अन् हे अख्खं मसण डोक्यावर चढवून राह्यली. काऊन बे, तुले समजत नाही?" हे शेवटचं बाबांना होतं. "असं घर असीन तं म्या वास्तुशांतीले येत नाही."

मी हवेचं आणि उष्णतेचं समजावून सांगितलं. पदवीचा उपयोग असा झाला की दोघांनीही माझं पूर्ण ऐकून घेतलं, आणि मग बाबा म्हणाले, "तुह्यं बराबर असीन, बाई. पण मोठा भाऊ दारात नाही आला तं लोकं काय म्हणतीन? मडके वापस देऊन टाकू. पीओपी करू. दिवे बी राहतात त्याले."

माय तोपर्यंत ओसरीवर डाळ निवडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"भाऊजी, मी मेल्यावर मले एक मडकं देसान ना तुम्ही लोकं?"

मोठेबाबा गडबडले. "हाव, म्हणजे... असं काऊन बोलतं तू?"

"मंग ते आता द्या. जित्तेपणी. म्हशीच्या बाजूले झोपून झोपून माह्या अंगाले शेणाचा वास लागला, तवा नाही कोणाले शास्त्र आठोलं. अन् आखाजीच्या सणाले पितरायले पाणी कायच्यात ठेवता? स्टीलच्या गुंडात?"

मिस्त्री उगाच मोजपट्टी उघडून बंद करत होता. मोठेबाबा एक मडकं हातात फिरवत राहिले, मग त्यांनी ते जमिनीवर पालथं ठेवलं.

"मसणात नेते ते सुलटं राहते," ते म्हणाले. "उपडं चालते. शास्त्रात आहे."

कोणत्या शास्त्रात, हे मी विचारलं नाही. आम्ही सुशिक्षित आहोत, पण वेडे नाही. दुसऱ्या दिवशी बाबा स्वतः गच्चीवर चढले आणि मिस्त्रीच्या हातात एकेक मडकं देऊ लागले. मोठेबाबा खालून ओरडून सांगत होते, "उपडं ठेव बे, उपडं." जणू आम्ही सुलटी ठेवून त्यांत झाडं लावणार होतो. वास्तुशांतीला ते सगळ्यांच्या आधी येऊन पाटावर बसले आणि येईल त्याला बोट वर करून सांगत राहिले, "आपल्या घराले मडक्याचं छत केलं. आपणच ठरोलं."

आता उन्हाळ्यात जेवणानंतर ते आमच्याकडे ख्यालीखुशाली विचारायला येतात. ख्यालीखुशाली पंख्याखाली आडवं पडून विचारतात, घोरतही असतात. शेजारणीनं मला नळावर गाठून विचारलं, "तुही माय दिसत नाही वो गोठ्याकडं? रागावली का?" मी म्हटलं, नाही, झोपली आहे.

खोटं नव्हतं ते. यंदाच्या मे महिन्यात माय रोज दुपारी स्वतःच्या घरात झोपली.