सिलिकॉन ओएसिसच्या बसमधला खेळ

"सोमवारपासून ही मुलगी माझ्या बसमध्ये नको," बशीरभाई म्हणाले. "मॅडम, तुम्ही फक्त लेटर द्या. पुढचं मी बघतो."

बशीरभाई आमच्या दुबईतल्या इंडियन शाळेचे ट्रान्सपोर्ट इनचार्ज. मूळचे केरळातल्या कासरगोडचे. बसमध्ये काहीही बिनसलं की पालकांचा पहिला फोन त्यांना जातो, त्यामुळे माणूस कायम तापलेला. शेजारी प्रिन्सिपल मॅडम बसल्या होत्या. दोघांनाही माझ्याकडून एकच कागद हवा होता. चौथीतली वंजिकू अग्रेसिव्ह आहे, इतर मुलांसाठी सेफ नाही, बाहेरच्या डॉक्टरकडून तपासून आणा. शाळेच्या सायकॉलॉजिस्टची, म्हणजे माझी, सही झाली की शाळा मोकळी.

वंजिकूने सोहम साळवी नावाच्या मुलाच्या हाताला कडकडून चावा घेतला होता. हे काही पहिल्यांदा घडलं नव्हतं.

वंजिकूचं कुटुंब केनियाचं. आई ग्रेस हॉस्पिटलमध्ये नर्स, ड्यूटी कधी दिवसाची तर कधी रात्रीची. वडिलांचं रास अल खोरला गाड्यांच्या जुन्या पार्ट्सचं दुकान, माल मोम्बासाला जातो. घर सिलिकॉन ओएसिसला. बस बंद म्हणजे शाळा बंद. तसं झालं तर मुलीला केनियात नाकुरूला आजीकडे पाठवून द्यायचं, असं आईवडिलांनी ठरवूनही टाकलं होतं. माझ्या एका सहीने नऊ वर्षांची मुलगी आईपासून तुटणार होती, आणि त्या एसीच्या गारव्यात बसून कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं.

"सहीचं नंतर बघू," मी म्हटलं. "चावण्याच्या आधी काय झालं, ते सांगा."

"काही नाही. मुलं खेळत होती."

"मागच्या वेळी?"

"तेव्हाही खेळतच होती."

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. लोकांना वाटतं, सायकॉलॉजिस्ट समोरच्याचं मन वाचतो. मला माझ्या नवऱ्याचं मन अजून वाचता येत नाही. आम्ही फार साधं काम करतो. मूल जे वागलं त्याच्या अगदी आधी काय घडलं आणि वागल्यानंतर त्याला काय मिळालं, हे बघतो. मधलं वागणं सगळ्यांना दिसतं, कारण त्याचाच आवाज होतो. वंजिकूच्या प्रत्येक तक्रारीची सुरुवात चाव्यापासून होती. जणू मुलगी बसमध्ये चढायची, जागेवर बसायची आणि भूक लागली म्हणून चावायची.

मी तिला माझ्या खोलीत बोलावलं. मे महिन्यातली दुपार, बाहेर डांबर वितळेल असं ऊन, आणि ही पोरगी थंडीतला शाळेचा स्वेटर घालून आलेली. बाह्या ओढून बोटांच्या टोकांपर्यंत आणलेल्या. सकाळी पोट दुखतं, असं आईने कळवलं होतं. वर्गात हात वर करणं बंद झालं होतं, मार्क घसरले होते. वर्णभेदाचा त्रास मुलांमध्ये स्वतःचं नाव सांगत येत नाही. तो पोटदुखी होऊन येतो, घसरलेले मार्क होऊन येतो आणि कधीकधी दात होऊन येतो. मग मोठी माणसं पोटाला औषध देतात, मार्कांना ट्यूशन लावतात आणि दातांना शिक्षा करतात.

"गरम होत नाही का गं तुला?" मी इंग्रजीत विचारलं.

"नो, मिस."

"मग घाम का आलाय?"

तिने बाह्या आणखी खाली ओढल्या. मग अगदी हळू म्हणाली, "इफ आय कव्हर इट, इट डझन्ट गो ऑन देम."

"काय जात नाही त्यांच्यावर?"

"नथिंग, मिस."

 मी रेटलं नाही. पण कुठे बघायचं ते मला कळलं होतं. शाळा सुटायच्या वेळी मी पर्स उचलली आणि बशीरभाईंना म्हटलं, "आज मी सिलिकॉन ओएसिसच्या बसने जाते."

"तुम्ही? तुम्ही तर करामाला राहता!"

"म्हणून तर. हवापालट."

पहिल्या दिवशी मी पुढे बसले आणि बसभर देवमाणसं होती. इतकी शहाणी मुलं मी शाळेच्या फोटोंतही पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी मागच्या बाजूला बसले, डोकं खिडकीला टेकवलं आणि झोपेचं सोंग घेतलं. मुलांना झोपलेली बाई दिसली की ती तिला लगेच विसरून जातात. अॅकॅडेमिक सिटीच्या सिग्नलला खेळ सुरू झाला.

एका मुलाने वंजिकूच्या मानेला बोट लावलं, किंचाळला, आणि ते बोट शेजारच्याच्या शर्टाला पुसलं. "लग गया! पास कर!" शेजारच्याने पुढच्याला पुसलं. पुढच्याने मागच्या मुलीला. हसणं, पळापळ, सीटवरून उड्या. पुढचा स्टॉप आला की ज्याच्या अंगावर 'ते' उरेल, तो 'काला'. स्टॉप गेला की परत पहिल्यापासून. आणि पहिल्यापासून म्हणजे दर वेळी वंजिकूपासून. ती खिडकीला चिकटून, बाह्या ओढून बसलेली. पुढे बसमॉनिटर शीबा चेची मुलांकडे बघून हसत होत्या. चेची म्हणजे मल्याळममध्ये ताई. बाई मनाने वाईट नाहीत. त्यांना खरंच वाटत होतं की पोरं खेळतायत.

बाह्या झाकलेल्या म्हणून सोहमने तिच्या गालाकडे हात नेला. आज ती चावली नाही, नुसतं तोंड फिरवलं. पण ती का चावते ते मला दिसलं. सांगून हात थांबत नव्हता. चेचींकडे तक्रार केली तर "इग्नोर देम, मोळे," म्हणजे 'पोरी, लक्ष देऊ नको', असं उत्तर मिळत होतं. चावलं की मात्र हात थांबत होता. एवढंच. मुलीच्या जागी मी असते तर मीही चावले असते, आणि तेही जरा जोरातच.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाने आलं. माझं माहेर श्रीवर्धनचं. आमच्या मोहल्ल्यात आम्ही पोरं शिवणापाणी खेळायचो. ज्याला शिवलं त्याच्यावर राज्य. पण राज्य फिरायचं. दिवेलागणीपर्यंत प्रत्येकाला मिळायचं आणि प्रत्येकाचं जायचं. इथे राज्य एकाच मुलीवर आणि ते उतरायचं नाव नाही. कुणाला शिवायचं आणि कुणाला नाही, याचा आपल्या लोकांना इतका जुना सराव आहे की मुलांना ते कुणी समोर बसवून शिकवावं लागत नाही.

मीटिंग ठरली. प्रिन्सिपल मॅडम, बशीरभाई, सोहमचे वडील साळवी आणि मी. साळवी करामात केटरिंग चालवतात, कोकणी माणूस, खुर्चीच्या टोकावर बसलेले.

"ताई, तुम्ही आपल्याकडच्या म्हणून सांगतो," ते माझ्याशी मराठीत बोलले. "पोरं आहेत हो. पण माझ्या पोराच्या हातावर दात उमटलेत."

मी बसमध्ये पाहिलेलं सगळं सांगितलं.  मग प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, "नसीम, रेशियल वगैरे मोठे शब्द नको. आपण इंडियन. आपणच रेसिझम सोसलंय. आपण कसे रेसिस्ट असू?" आणि लगेच त्यांना उपायही सुचला. "आपण आफ्रिका डे करू! ड्रम्स ठेवू, वंजिकू ट्रॅडिशनल ड्रेस घालून येईल, दोन शब्द बोलेल."

"मॅडम, आजारी बस आहे आणि औषध तुम्ही त्या मुलीला पाजताय," मी म्हटलं. "जिला पोरं हात पुसायला वापरतात, तिला स्टेजवर उभं करून काय होणार? सोहमला आत बोलवू का? मला त्याला रागवायचं नाहीये. फक्त विचारायचंय."

सोहम आला. गुटगुटीत, घाबरलेला, हाताला बँडेज.

"सोहम, हा गेम कसा खेळतात?" मी विचारलं.

"इट्स जस्ट टॅग, मिस. एव्हरीवन प्लेज."

"सुरुवातीला डेन कोण असतं? राज्य कुणावर?"

"वंजिकू."

"नेहमी?"

"या."

"तिची टर्न कधी संपते?"

सोहमने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबला. पोरगा मनापासून विचार करत होता. "शी डझन्ट गेट अ टर्न," तो शेवटी म्हणाला. "इट जस्ट स्टार्ट्स फ्रॉम हर." हे बोलताना त्याला स्वतःलाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असावं, कारण तो वडिलांकडे बघायला लागला.

"कुणी शिकवलं रे तुला हे?" साळवी ओरडले.

"नोबडी, पप्पा. बट यू ओन्ली से ना, उन्हात खेळू नको, हबशी दिसशील."

साळवींचा चेहरा उतरला. "ते आम्ही घरात आपलं सहज म्हणतो हो," ते माझ्याकडे बघून म्हणाले.

"सहज म्हटलेलंच मुलं शिकतात, भाऊ. ओरडून सांगितलेलं कुठे ऐकतात?"

त्यांनी मान खाली घातली.  मग बशीरभाईंना म्हणाले, "बशीरभाई, माझी कम्प्लेंट मी परत घेतो. आणि ताई, काय करायचं ते सांगा. घरीपण." मला माणूस आवडला. चूक दाखवल्यावर खुर्ची सरकवून निघून जाणारे मी भरपूर पाहिलेत.

राहिला रिपोर्ट. मी लिहिलं की मुलीचं चावणं हे वर्णावरून होणाऱ्या छळाला दिलेलं उत्तर आहे आणि उपाय छळावर व्हायला हवा. प्रिन्सिपल मॅडमना तो शब्द कागदावर नको होता.

"इन्स्पेक्शनमध्ये कुणी वाचलं तर?"

"वाचलं तर हेही वाचतील की शाळेने ओळखलं आणि थांबवलं. भेदभावाविरुद्ध या देशात कायदा आहे, मॅडम. मी लिहिलं नाही आणि उद्या मुलीचे वडील बोलले, तर मग काय दाखवणार?"

मॅडमनी पेन दोनदा उघडलं, दोनदा बंद केलं. मग म्हणाल्या, "खलास, संपलं. शब्द राहू दे. मुलगीही राहू दे."

मी जिना उतरताना चक्क दोन पायऱ्या एकदम उतरले. या वयात शोभत नाही, पण उतरले.

मग खरं काम. ग्रेस आणि तिचा नवरा भेटायला आले. ग्रेस म्हणाली, "आम्ही तिला सांगितलं होतं, गप्प राहा, भांडण नको, आपण परक्या देशात आहोत. आणि रंगाबद्दल घरी कधी बोललोच नाही. वाटलं, नाही बोललो तर तिला कळणार नाही."

"तिला सगळं कळतं," मी म्हटलं. "तुम्हाला कळतं की नाही, एवढंच तिला माहीत नाही. म्हणून ती एकटी पडलीय."

तिच्या वडिलांनी तोंडावर रुमाल धरला. त्या रात्रीपासून त्या घरात बोलणं सुरू झालं, आणि तो इलाज माझ्या कुठल्याही सेशनपेक्षा मोठा होता. मी वंजिकूला वेगळं काही शिकवलं नाही. फक्त तिच्याबरोबर जे होत होतं त्याचं नाव तिला स्पष्ट सांगितलं. हे तुझ्या कातडीवर काही लागलेलं नाही, ही त्यांनी केलेली गोष्ट आहे आणि ती चूक आहे. तिने तीन वेळा विचारलं, "शुअर?" मी तीनही वेळा शुअर म्हटलं. पुढच्या आठवड्यात ती स्वेटर न घालता आली.

शीबा चेचींना आम्ही शिकवलं की "इग्नोर" हा शब्द विसरायचा. कुणाचा हात गेला की बस बाजूला घ्यायला सांगायची, मुलाचं नाव घेऊन थांबवायचं आणि मला कळवायचं. शिक्षकांची मीटिंग घेतली. तिथे एक टीचर म्हणाल्या, "आमच्याकडे भावालाही लाडाने काळ्याच म्हणतात." मी विचारलं, "भावाला कधी विचारलंत, त्याला आवडतं का?" त्यांनी त्या रात्री फोन करून विचारलं म्हणे. नव्हतं आवडत. पन्नाशीच्या माणसाला विचारणारं पहिलं माणूस सापडलं.

बसमधल्या मुलांना मी भाषण दिलं नाही. सोहमला विचारलेला प्रश्नच विचारला. तिची टर्न कधी संपते? कुणाकडेही उत्तर नव्हतं. आणि उत्तर नाही हे मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त बोचतं.

सुट्टीनंतर शाळा उघडली आणि एका दुपारी शीबा चेचींचा फोन आला. बाई इतक्या जोरात बोलत होत्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. बसमध्ये एक नवा मुलगा आला होता. कुणा मोठ्या भावाकडून खेळ ऐकलेला. त्याने वंजिकूच्या दंडाला बोट लावलं, "लग गया!" ओरडला आणि बोट शेजारच्यापुढे धरलं. शेजारच्याने हात मागे घेतले. त्याने मागच्याकडे वळून बघितलं. मागच्यानेही घेतलं नाही. पोरगा सीटवरून उठून बसभर फिरला, सोहमपर्यंत गेला, बोट पुढे करून. अख्ख्या बसमध्ये घेणारं कुणी नाही. आणि तेवढ्यात वंजिकू उठली. जिला हिंदी येत नाही असं सगळ्यांना वाटत होतं, ती वंजिकू अस्सल बसमधल्या हिंदीत म्हणाली, "कोई नहीं ले रहा? चल, तेरे पास ही रख. घर ले जा, मम्मी को दिखा."

बस हसून लोळली. यावेळी मुलगी त्या हसण्याच्या आत होती.

"मॅडम, बस बाजूला घ्यायची वेळच आली नाही!" चेची ओरडत होत्या. मी शाळेच्या व्हरांड्यात एकटीच टाळ्या वाजवल्या. बशीरभाईंनी खिडकीतून बघितलं आणि काय झालं ते न विचारताच तेही वाजवायला लागले.

नाकुरूची आजी आता सुट्टीत नातीकडे येते, नातीला तिकडे पाठवायची गोष्टच निघत नाही. वंजिकू वर्गात इतके प्रश्न विचारते की सायन्सच्या टीचरनी माझ्याकडे प्रेमळ तक्रार केलीय. प्रिन्सिपल मॅडम इन्स्पेक्शनमध्ये 'आमचा बस प्रोग्रॅम' असं म्हणून सगळं सांगतात आणि माझं नाव विसरतात. विसरू देत. शब्द कागदावर आहे.

हल्ली एखादं मूल 'प्रॉब्लेम' म्हणून माझ्या खोलीत पाठवलं गेलं, की मी त्याला चॉकलेट देऊन खेळायला पाठवते आणि ज्यांनी पाठवलं त्यांना त्या खुर्चीत बसवते. निम्मी केस तिथेच सुटते.