नऊ पायऱ्यांचा निरोप

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि मी सगळं सांगते असं जिला वाटतं त्या मैत्रिणीलाही नाही. सांगायला बसले की भलतीकडूनच सुरुवात करते. आताही तसंच होईल – थोडं सोसा.

मी लातूरला राहते. मोबाइलवरची ॲप बनवते – कुठलं बटण कुठं असावं, नकाशा कसा दिसावा, हे ठरवणं माझं काम. चार वर्षांमागं कंधारला एक कला महोत्सव भरणार होता. तीन दिवस, गावभर अकरा ठिकाणी. शाळेच्या वर्गांत चित्रं, मंगल कार्यालयात नाटकं, बाजाराच्या ओट्यावर शाहिरी, जुन्या वाचनालयाच्या मागच्या अंगणात गाणं. बाहेरगावच्या माणसाला त्या गल्ल्या कशा सापडाव्यात? म्हणून वाट दाखवणारं ॲप हवं होतं आणि ते काम माझ्याकडं आलं.

त्यात मी एक बटण ठेवलं होतं – ‘सोपी वाट’. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत, जे चाकाच्या खुर्चीवर आहेत, त्यांच्यासाठी. समितीच्या बैठकीत त्याचं फार कौतुक झालं. मलाही माझं फार कौतुक वाटलं. बघा, हे सांगायची गरज होती का? होती, बहुतेक. त्या कौतुकाची चव तोंडात होती म्हणून तर पुढचं सगळं झालं.

गावात फिरून प्रत्यक्ष वाटा बघायचं काम वाघमारे काकांनी घेतलं होतं. काका निवृत्त पोस्टमन. एकतीस वर्षं कंधारात पत्रं वाटलेली. कुठल्या घराचं दार मागून उघडतं, कुठली गल्ली मध्येच बंद होते, सगळं पाठ. मी त्यांना फोनवर खूण कशी टाकायची ते शिकवलं. ‘जय भीम, माय,’ म्हणून फोन उचलायचे आणि मग अर्धा तास एकेका वळणाबद्दल बोलायचे. त्यांचा फोन सारखा भरायचा. तेव्हा मीच म्हणाले होते, काका, मला पाठवलं की तुमच्याकडचं सगळं पुसून टाकत जा. काकांनी ते नेमानं पाळलं.

महोत्सवाच्या आठवडाभर आधी, दुपारी जेवताना, त्यांचा आवाजी निरोप आला. मी तो भरभर ऐकायचं बटण दाबून ऐकला. आजही शब्दन् शब्द आठवतो. ‘ऐक माय. वाचनालयाच्या मागं तुझ्या नकाशात वाट सरळ दिसून राहिली, पर तशी न्हाई. नऊ पायऱ्या हायत, आन् खालची तर पार फुटलीय. खुर्चीवाल्याला तिकडून धाडू नको. तेलघाण्याकडून वळव, लांब पडंल पर चांगलं हाय.’

मी ‘हो काका’ असं लिहून पाठवलं. हात खरकटा होता. नंतर करू म्हटलं. नंतर दुसरं काही आलं, मग तिसरं. ते राहूनच गेलं.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, होतं असं माणसाकडून. हो, होतं. एवढंच असतं तर मी कधीच सांगून मोकळी झाले असते.

देवणीच्या सुमनताई संगीताच्या शिक्षिका होत्या. लहानपणी पोलिओ झालेला, म्हणून चाकाची खुर्ची. त्यांची एक विद्यार्थिनी महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या अंगणात गाणार होती. आदल्या दिवशी त्यांनी ॲपमधूनच मला लिहिलं – कुठं जायचं तर आधी चार जणांना विचारावं लागतं, पायऱ्या किती, उचलायला कोण आहे. या वेळी कुणालाच विचारलं नाही, तुमच्या बटणावर भरवसा ठेवून निघतेय. मी त्यांना हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला त्या आणि त्यांची सून ‘सोपी वाट’ बघत त्या गल्लीत शिरल्या. गल्ली उतरती आहे. वळण घेतल्याबरोबरच पायऱ्या लागतात. सुनेनं खुर्ची मागं ओढायचा प्रयत्न केला, पण पुढची चाकं कडेवरून गेली होती. सुमनताई खाली पडल्या. उजवं मनगट मोडलं, कपाळाला टाके पडले. अंगणात त्यांच्या विद्यार्थिनीचा स्वर लागला होता. खालपर्यंत तो ऐकू येत होता, असं सुनेनं सांगितलं.

समितीनं लगेच बैठक बोलावली. अध्यक्ष, पाच-सहा कार्यकर्ते, मी आणि वाघमारे काका. खोलीत जाण्याआधी मी बाहेर नळाशी थांबले. फोन काढला. तो निरोप तिथंच होता, बेचाळीस सेकंदांचा. मी तो पुसला. खालचं माझं ‘हो काका’सुद्धा पुसलं.

हे मी घाबरून केलं का? घाबरले होतेच. पण डोकं नीट चालत होतं. काकांच्या फोनात तो अजून असला तर काय, हाही विचार मी केला. आणि मला वाटलं – नसेल.

अध्यक्षांनी विचारलं, ही वाट अशी कशी दाखवली गेली?

मी म्हणाले, ‘गावातली माहिती वाघमारे काकांकडून येत होती. पायऱ्यांचं मला काही कळवलेलं नाही.’

काका खुर्चीतून थोडे पुढं सरकले. रागावले नाहीत. मला आठवण करून द्यावी तसं म्हणाले, ‘माय, म्या सांगितलं होतं की. नऊ पायऱ्या.’

‘नाही काका,’ मी म्हणाले. ‘माझ्याकडं तसं काही आलेलं नाही. बघा हवं तर.’ आणि मी माझा फोन त्यांच्यापुढं धरला.

त्यांनी चष्मा लावला. माझा फोन बघितला, मग स्वतःचा. खालीवर, खालीवर बोट फिरवत राहिले. शेवटी त्यांनी फोन उपडा ठेवला आणि म्हणाले, ‘नसंल मग सांगितलं. मनातच राहिलं असंल माझ्या.’

कुणीतरी म्हणालं, वय झालं काकांचं, आपणच एवढी जबाबदारी द्यायला नको होती. कुणीतरी त्यांना पाणी दिलं. मी मान खाली घातली – दुःखानं घातलीय असं सगळ्यांना वाटलं असेल.

काका सुमनताईंना भेटायला दवाखान्यात गेले, हात जोडून चुकलं म्हणाले. हे मला सुनेकडून कळलं. सुमनताई त्यांना लागेल असं काहीच बोलल्या नाहीत. त्यांचं मनगट जुळलं, पण पेटीवर बोटं पहिल्यासारखी चालत नाहीत. पुढच्या वर्षी ॲपचं काम परत मलाच दिलं. काकांना बोलावलं नाही.

मागच्या हिवाळ्यात एका लग्नासाठी कंधारला गेले होते. काका मांडवात भेटले. खिशात छोटी वही होती. कुणी काही सांगितलं की ते लिहून घेत होते. जेवायला किती वाजता बसायचं, तेसुद्धा. काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘त्या खेपेपासून असंच करून राहिलेत. डाक्टरला दाखविलं, त्यो म्हणतो डोकं नीट हाय. पर ह्यांचाच स्वतःवर भरवसा न्हाई. नातीला शाळेतून आणायला बी एकटे जाईनात.’

मी तेव्हा सांगू शकले असते. काका चार पावलांवर उभे होते.

निघताना ते मांडवाबाहेरपर्यंत सोडायला आले. माझा हात दोन्ही हातांत धरला. ‘माझ्यापायी तुझं नाव खराब झालं माय. राग नको धरू.’

मी म्हणाले, ‘असू द्या काका. मी कधीच विसरले ते.’

त्यांचे डोळे भरून आले. खूप हलकं वाटलं म्हणाले.