खदिजाने हलकी केलेली खोली

खदिजा मुकादम बहरीनच्या विमानतळावर मालवाहतुकीच्या ऑफिसात कामाला. कुठला माल विमानात पुढे चढवायचा, कुठला मागे, हे ती ठरवायची. नवरा नुमान एसीचे सुटे भाग विकायचा. दोघंही श्रीवर्धनकडचे.

त्या हिवाळ्यात नुमानची आई यायची होती. सखीरच्या वाळवंटात लोक तंबू ठोकून राहतात, हे ऐकल्यापासून तिला तिथे एक रात्र काढायची होती. पण गुडघ्यांपायी जमिनीवर बसणं-उठणं जमेना. म्हणून नुमानने देश सोडून निघालेल्या एका शेजाऱ्याकडून जुना कॅम्पर घेतला. पिकअपच्या हौद्यावर बसणारी ती छोटी खोली. छप्पर वर ढकललं की बाजूचं कापड ताणलं जायचं आणि आत उभं राहता यायचं.

नुमान हौसेला पेटला. सागवानी कपाट स्वतः ठोकलं, स्टीलचं सिंक बसवलं, टपावर लोखंडी कॅरिअर चढवलं. मग खदिजाला फेरी मारायला नेलं.

"स्टेअरिंग बघ किती हलकं फिरतंय," तो खुशीत म्हणाला.

खदिजा म्हणाली, "गाडी मागे बसलीय, नुमान. पुढच्या चाकांवर भारच नाही. आधी वजनकाट्यावर घे."

काट्याने तिचीच भीती खरी ठरवली. मागच्या चाकांवर झेपेल त्याहून कितीतरी जास्त ओझं होतं. घरी आल्यावर ती म्हणाली, "आता छप्पर उचल." नुमानने सगळा जोर लावला, छप्पर तसूभर हललं नाही. तो कॅरिअरचे बोल्ट सोडायला लागला.

कपाटापाशी मात्र त्याचा हात थांबला. खदिजा म्हणाली, "हे घरी अम्मीसाठी ठेवलेल्या खोलीत लावू या. तिला आवडेल." त्याने मान हलवली.

कपाटाच्या जागी तिने जाड कापडाचे खिसे शिवून टांगले. मागची जड बॅटरी पुढे, केबिनला लागून सरकवली. टेबल खाली पाडलं की अम्मीसाठी खुर्चीच्या उंचीचा पलंग व्हावा, अशी सोय नुमानने पातळ प्लायवूडमध्ये केली. सिंक गेलं, प्लास्टिकचा टब आला. गाडी पुन्हा काट्यावर चढली आणि पास झाली.

अम्मी आली ती बिडाचा तवा घेऊन.

"हा घरीच राहील," नुमान म्हणाला.

"मग मीपण घरीच राहते."

खदिजाने तवा हातात तोलून पाहिला. "राहू दे. टाकीत पाणी थोडं कमी भरू."

सखीरला पोचल्यावर नुमानने छप्पर एका हाताने वर ढकललं आणि उगाचच दोनदा खाली-वर करून दाखवलं. सकाळी खदिजाला जाग आली ती घावण्यांच्या वासाने. अम्मी कुणाच्या आधाराशिवाय पलंगावरून उठून शेगडीपाशी उभी होती.

शेजारच्या तंबूतल्या बहरीनी आजीबाईंना तिने घावणे पाठवले. तिकडून खजूर आणि कहवा आला, पाठोपाठ आजीबाईही आल्या. एकीला मराठी येईना, दुसरीला अरबी. तरी दोघी हातवारे करत दुपारपर्यंत हसत होत्या.

संध्याकाळी नुमानने विचारलं, "अम्मी, निघायचं ना आता?"

"मफी," आजीबाईंकडून शिकलेलं अरबी 'नाही' अम्मीने ऐटीत ऐकवलं.

खदिजा हसत सुटली. मग तिने आणि नुमानने आपापल्या कामावर फोन करून आणखी एका दिवसाची रजा मागितली.