मुक्तिदिनाचं शब्दकोडं

शिरूर कासार तालुक्यातल्या एका गावात मी तिसरी-चौथीला शिकवते. सतरा सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, म्हणजे पोरांच्या लेखी झेंडा आणि चॉकलेट. म्हणून गेल्या वर्षी मी हौसेनं शब्दकोडं तयार केलं. त्यात एक प्रश्न होता, 'मुक्तिसंग्रामात लढलेले आपल्या गावचे वीर'. उत्तर अर्थातच चौकातल्या स्मारकावरचं, पाटलांच्या घरातलं नाव.

तिसरीतल्या एका मेंढपाळाच्या नातीनं तिथं भलतंच नाव लिहिलं. अक्षरं मावेनात म्हणून शेवटची दोन चौकटीबाहेर. मी लाल फुली मारली, वर वर्गाला ऐकू जाईल असं विचारलं, "हे कोण बुवा नवे वीर?"

पोरं खदखदून हसली.

"माझे पणजोबा हायत, मॅडम," ती म्हणाली. मी तिला खाली बसवलं. मला उरलेली कोडी तपासायची घाई होती.

झेंडावंदनानंतर तिचा आजा भेटायला आला. तक्रार असणार म्हणून मी आधीच कपाळाला आठ्या घातल्या. तो हळू आवाजात बोलला, "आमचा बाप मेंढरं घिऊन हद्दीपल्याड जायचा. हिकडं निजाम, तिकडं सोतंत्र झालेला मुलूख. लपलेल्या मान्सांच्या चिठ्ठ्या घोंगडीत शिवून न्यायचा. मेंढक्याला कोन हटकतंय?"

"मग स्मारकावर नाव कसं नाही?" मी जणू पुरावाच मागितला.

"आमी कुटं कागद करायला गेलतो, मॅडम."

पोरं समोरच मैदानात होती. त्यांना तिथंच बोलावून माझी चूक सांगता आली असती. पण पाटलांच्या घरचे सरपंच खुर्चीवर बसले होते आणि माझी जीभ रेटली नाही. म्हातारा रामराम करून गेला. वर्षभर ती पोरगी समोर बसायची आणि मला स्वतःची लाज वाटायची.

यंदा कोड्यात मी नवा प्रश्न घातला, 'घोंगडीत चिठ्ठ्या नेणारे मेंढपाळ'. आदल्या दिवशी वर्गाला सगळी हकिकत सांगितली, माझं चुकलं होतं हेही सांगितलं, नाव फळ्यावर मोठ्ठं लिहिलं. सगळ्यांनी ते बरोबर उतरवलं. तिच्या कागदावर मात्र तेवढ्या चौकटी कोऱ्या होत्या.

"काहून सोडलं गं?" मी जवळ जाऊन विचारलं.

"आजानं सांगितलंय," ती खाली बघत म्हणाली. "आपलं नाव शाळंत लिवायचं न्हाई. पोरं हसत्यात."

आता कुणी हसणार नाही, मी म्हणाले. तिनं मान हलवली, पण पेन्सिल काही उचलली नाही.